चूक त्याचीच होती, म्हणून हक्क सोडायचा?

आमच्या डोंबिवलीत घरातलं घड्याळ लोकलच्या वेळेवर लावलेलं असतं. डबा, रुमाल, पास हातात दिला, दार लावलं की बाईचा अर्धा जीव घरात आणि अर्धा गाडीत! 9 जून 2025 च्या सोमवारी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींच्या जवळून गेल्या. दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला.

त्यानंतर भाजीवाल्याकडे, जिन्यात, हळदीकुंकवाला दोन वाक्यं सारखी कानावर येत होती. एक, "लटकायला सांगितलं होतं कुणी?" आणि दुसरं, "सरकारने पाच लाख जाहीर केले ना, मग अजून काय पाहिजे?" मैत्रिणींनो, ही दोन्ही वाक्यं कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहेत. पण जिचं माणूस गेलेलं असतं, ती बाई नेमकी हीच वाक्यं ऐकून गप्प बसते.

आधी पहिल्या वाक्याचं बघू. रेल्वे कायद्यात 124-अ नावाचं एक कलम आहे. 1994 पासून ते लागू आहे. चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने खाली पडला, तर रेल्वेची चूक होती की नव्हती हे न बघता रेल्वेने भरपाई द्यायची, असं हे कलम सांगतं. अपवाद मोजके आहेत: आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा आणि आजारपणाने आलेला मृत्यू. 'दारात उभा होता' हा त्यात अपवाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जमीला यांच्या खटल्यात आणि पुन्हा 2018 मध्ये रीना देवी यांच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. निष्काळजीपणा वेगळा आणि मुद्दाम जीव धोक्यात घालणं वेगळं. गाडीत चढताना पाय घसरून पडलेल्यालाही हे संरक्षण आहे, असं 2008 च्या एका निकालात म्हटलेलं आहे.

रकमेचीही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी ही भरपाई 8 लाख रुपये ठरलेली आहे. त्याआधी ती 4 लाख होती. गेलेला माणूस बँकेत साहेब होता की दादरहून फुलं आणून विकणारी बाई होती, याने रकमेत फरक पडत नाही. गृहिणी गेली तरी 8 लाखच. "ती कुठे कमवत होती?" हा प्रश्न इथे कुणी विचारू शकत नाही.

आता दुसरं वाक्य. सरकार जाहीर करतं ती मदत. रेल्वे कायद्याने मिळते ती भरपाई. आणि विम्याचे पैसे हे तिसरंच. तिन्ही पैशांचे उगम वेगळे, अर्ज वेगळे. मदतीचा चेक घरी आला म्हणून भरपाईचा दावा आपोआप होत नाही. तो आपल्यालाच रेल्वे दावा न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो. आपल्या भागासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. मुदत एक वर्षाची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नये.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींसोबत काही वर्षांपूर्वी मी अशा दाव्यासाठी फिरले होते. त्यांचे मिस्टर कामावरून परतताना गाडीतून पडले. चौदाव्यानंतर कागद हातात आले, तेव्हा पंचनाम्यात लिहिलेलं, 'रूळ ओलांडताना धडक.' वहिनी म्हणाल्या, "ताई, हे कधी रूळ ओलांडत नव्हते हो. यांना तर पुलाचे जिने चढायची सवय." या तीन शब्दांवर सगळा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. कारण रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्यात गुन्हा आहे, आणि तो माणूस त्या क्षणी 'प्रवासी' धरला जात नाही. वहिनींच्या दिरांनी चिकाटीने स्टेशन मास्तरांचा मेमो मिळवला. त्यात गाडीतून माणूस पडल्याची गार्डने दिलेली खबर होती. तो एक कागद नसता तर वकीलही काही करू शकला नसता.

म्हणून सांगते, भरपाईचं भवितव्य पहिल्या चोवीस तासांतच ठरतं. तेव्हा आपण रडत असतो, ते साहजिकच आहे. पण घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाला, भावाला, पुतणीला, शेजारणीला एवढं काम सोपवा. रेल्वे पोलिसांना जबाब देताना 'गाडीतून पडले' हे माहीत असेल तर तेच लिहून घ्यायचं, आणि सही करण्याआधी जबाब वाचायचा. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि स्टेशन मास्तरांचा मेमो यांच्या प्रती मागायच्या. खिशातल्या वस्तूंच्या यादीत पास किंवा तिकीट लिहिलंय का, ते बघायचं.

पास सापडला नाही तर? घाबरू नका. रीना देवींच्याच निकालात न्यायालयाने म्हटलंय की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. तो प्रवासी होता असं घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं आणि कागदांचा आधार दिला, की ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर जाते. तरीही आजकाल पास मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल रुळावर चुरा होतो! त्यामुळे पासचा नंबर आणि मुदत घरच्या डायरीत लिहिलेली बरी.

आता विम्याकडे वळू. विम्याचे पैसे घेतले म्हणून रेल्वेची भरपाई बुडत नाही, हे रेल्वे कायद्यातच लिहिलंय. तेव्हा कपाटातल्या पॉलिसींपुरतं थांबू नका. बँकेचं पासबुक उघडा. वर्षाला 20 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 रुपये कापले असतील तर जीवन ज्योती योजना, तिचे वेगळे 2 लाख. नवऱ्याचा पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा असतो, 7 लाखांपर्यंत. तो मिळण्यासाठी कंपनीतून फॉर्म भरून घ्यावा लागतो. ईएसआयसीचं कार्ड असेल तर घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामावरचा अपघात धरला जाऊ शकतो आणि आश्रितांना दरमहा लाभ मिळू शकतो. हे सगळं विचारल्याशिवाय कुणी सांगायला येत नाही.

रस्त्यावरच्या अपघाताचं गणित मात्र वेगळं. तिथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं, आपल्याकडे ते ठाण्याला आहे. भरपाई गेलेल्या माणसाचं वय, उत्पन्न आणि मागे राहिलेली माणसं यावरून काढतात, आणि साधारणपणे ती समोरच्या गाडीची विमा कंपनी भरते. तिथे चूक कुणाची हेही पाहिलं जातं. गृहिणीच्या घरकामालाही पैशांत किंमत धरायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 पासून अनेकदा सांगितलंय. 2022 पासून कायद्यात या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वेळ दवडू नका.

शेवटी वकिलांबद्दल. हॉस्पिटलच्या दारातच कुणी कार्ड पुढे करून "सगळं बघतो, फक्त सह्या करा" म्हणालं तर सावध व्हा. पाटण्यात रेल्वेच्या मृत्यूदाव्यांमध्ये वकिलांनी वारसांच्या नावाने खाती उघडून परस्पर पैसे काढल्याच्या प्रकरणात ईडीने 2025 मध्ये कारवाई केली. तिथे फसवले गेले ते आपल्यासारखेच वारस. स्वतःचं खातं स्वतः उघडायचं, पासबुक-चेकबुक आपल्याच कपाटात ठेवायचं. आणि एक लक्षात ठेवा, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, 15100 या नंबरवर फोनही करता येतो.

आणि हे फक्त लोकलवाल्यांसाठी नाही बरं का! चाळीसगावहून जळगावला पॅसेंजरने कॉलेजला जाणारी मुलगी असो की मिरजेहून येणारे आजोबा, कलम तेच आणि रक्कमही तीच.

या रविवारी अर्धा तास काढा. एका वहीत घरातल्या प्रत्येकाचा पास नंबर, पीएफचा यूएएन नंबर, ईएसआयसी नंबर, पॉलिसी आणि बँकेत नॉमिनी कोण ते लिहा. "अभद्र बोलू नकोस" असं सासूबाई म्हणतील. म्हणू द्या. त्यांचाही सुरक्षा विमा आहे का, तेवढं विचारून तोही त्याच वहीत लिहून टाका.