बियाण्याची उगवण तपासता, मग घराचे कागद का नाही?



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. आता मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी तयार घर विकत घेण्याची वेळ पुष्कळ कुटुंबांवर येते. बांधण्याचा ताप वाचला म्हणून आपण खुशीत असतो. पण घराच्या भिंती दिसतात, कागद दिसत नाहीत.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका कष्टाळू जोडप्याची हकीकत सांगतो. कांद्याला भाव सापडला त्या वर्षी त्यांनी घर पसंत केले. मूळ मालक वारलेले. व्यवहार थोरल्या मुलाने ठरवला. “बहिणींचं काही म्हणणं नाही,” असे तो म्हणाला. आमच्या गड्याने नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर सही घेऊन ३ लाख रुपये इसार मोजला. त्यात बाईंच्या पाटल्याही गेल्या. पुढे कर्जासाठी कागद दिले, तेव्हा बँकेच्या वकिलाने पहिलाच प्रश्न केला, “मयताच्या दोन मुलींच्या सह्या कुठे आहेत?” बहिणींनी सही नाकारली आणि बँकेने कर्ज. घर मिळाले नाही, आणि इसारासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणे अजून चालू आहे. बाई मला म्हणाल्या, “साहेब, बियाण्याच्या पिशवीचं लेबल वाचायला तुम्ही शिकवलंत. घराचं लेबल कुठं असतं ते कुणी सांगायचं?”

त्यांच्या या प्रश्नासाठीच हा लेख.

वकील कोणाचा?

बँक आपल्या यादीवरच्या वकिलाकडून कागद तपासून घेते. त्याची फी बहुधा आपल्याच खिशातून जाते, पण तो काम बँकेचे करतो. बँकेचा पैसा बुडणार नाही ना, एवढे तो पाहतो. इसार किती द्यावा, ताबा केव्हा घ्यावा, व्यवहार मोडला तर पैसे कसे परत मिळावेत, हे पाहणारा वकील आपला स्वतःचा हवा. दलालाने किंवा विकणाऱ्याने आणलेला वकील आपला नव्हे. वकिलाकडे इसार देण्याआधी जावे, नंतर नव्हे. फी आधी ठरवावी आणि त्याचे मत लेखी घ्यावे. मी शेतीखात्याचा माणूस. कायद्याचा शेवटचा शब्द वकिलाचाच.

कोणते कागद पाहावेत?

१. मालकी : शहरात मिळकत पत्रिका, जमिनीला सातबारा, आणि मालकाला घर ज्या खरेदीखताने मिळाले ते मूळ खत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

२. शोध अहवाल : वकील दुय्यम निबंधकाच्या दप्तरात मागील ३० वर्षांचे व्यवहार शोधतो. घर आधी कोणाला विकले, गहाण ठेवले काय, ते यात कळते. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे काय, तेही पाहावे.

३. वारस : हिंदू कुटुंबात मालक मृत्युपत्र न करता वारला, तर मुलांइतकाच वाटा मुलींना, पत्नीला आणि मालकाच्या आईलाही असतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार झाली. वडील त्यापूर्वी वारले असले तरी तिचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. म्हणून सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदलेले हक्कसोडपत्र हवे. तोंडी होकार चालत नाही.

४. प्लॉट : शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेला असेल तर बिनशेती परवानगी आणि मंजूर नकाशा पाहावा. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद दिसली, तर विक्रीस परवानगी लागते काय ते वकिलाला विचारावे.

इसार आणि खरेदीखत

इसार चेकने किंवा बँकेमार्फत द्यावा. करारात “कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत” ही ओळ घालून घ्यावी. आमच्या गड्याच्या कागदात ही एकच ओळ असती, तर त्याची बाजू पुष्कळ बळकट झाली असती. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. नोटरीच्या कागदाने किंवा मुखत्यारपत्राने मालकी येत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. सही झाल्यावर चार महिन्यांच्या आत खत नोंदणीस हजर करावे लागते. आणखी एक गोष्ट, घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

कर्ज पेलवेल तेवढेच

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आपल्याला हाताशी ठेवावा लागतो.

आता हिशेब पाहा. १० लाख रुपये, ९ टक्के व्याज. वीस वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ९,००० रुपये आणि एकूण फेड सुमारे २१ लाख ६० हजार. पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता सुमारे १०,१४० रुपये आणि एकूण फेड सुमारे १८ लाख २६ हजार. महिन्याला अकराशे-साडेअकराशे जास्त भरून सव्वातीन लाखांहून अधिक वाचतात. पण एक ध्यानात ठेवा. आपले पीक सहा महिन्यांनी येते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. तेव्हा दुधाच्या किंवा पगाराच्या नियमित पैशावर हप्ता बसतो काय, ते पाहा. कांद्याच्या भावावर बसवू नका. सुगीला जास्त पैसा आला तर मुद्दलात भरावा. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

हप्ते थकले आणि खाते थकीत ठरले, तर २००२ च्या कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता घर ताब्यात घेऊ शकते. शेतजमिनीला त्यातून सूट आहे, घराला नाही.

सही करण्यापूर्वी बँकेकडून कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. मूळ कागद बँकेत ठेवताना यादीसह पोच घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

पेरणीपूर्वी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवतो, किती उगवतात ते पाहतो आणि मगच पेरतो. एक हंगाम वाया जाऊ नये म्हणून एवढी काळजी! घरात तर वीस वर्षांची कमाई पेरायची असते. चार दिवस थांबा, कागद वकिलाला दाखवा, घरातल्या बायामाणसांना सोबत बसवा, आणि मगच इसाराला हात घाला.