चूक सांगण्याची सोय

पोटॅशियम क्लोराइड हा साधा क्षार. रक्तातले पोटॅशियम कमी झाले, की तो पुरेसा पातळ करून सलाइनमधून सावकाश देतात. पण त्याचे तीव्र द्रावण थेट शिरेत गेले, तर हृदय थांबू शकते. असे का? पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे ३० पट अधिक असते. या फरकावर हृदयाच्या ठोक्यांची विद्युत-लय अवलंबून असते. बाहेरचे प्रमाण एकाएकी वाढले, की ती बिघडते.

या द्रावणाची कुपी मिठाच्या द्रावणाच्या कुपीसारखी दिसली, तर घाईत अदलाबदल होते. इंग्लंडमध्ये तीव्र द्रावण चुकून दिले जाऊन रुग्ण दगावले. मग परिचारिकेला शिक्षा करावी? शिक्षेने कुप्या वेगळ्या दिसू लागत नाहीत. उलट, थोडक्यात टळलेल्या चुका कोणी सांगतच नाही. आणि पुढचा अपघात टाळायला तीच माहिती हवी असते.

२००१ साली तेथे रुग्ण-सुरक्षेसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २००२ मधली तिची पहिली सूचना याच औषधाबद्दल होती: तीव्र द्रावण वॉर्डांतून हलवा, वेगळे कुलपात ठेवा, शक्य तेथे आधीच पातळ केलेले वापरा.

आपल्या प्रयोगशाळेत आम्लाची बाटली चुकून उचलली गेली, तर विद्यार्थी ते सांगतात, की लपवतात?