गिरणीचा एक टक्का कुणाचा?

लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीचा विषय निघाला की ‘एक-तृतीयांश’ येतोच. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने तो रूढ केला. जमिनीचे तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

हा हिशेब पायथन या संगणकभाषेला घालू. १ भागिले ३ केलं की ०.३३३३... अशी लांबलचक शेपटी येते. ती वाचकापुढे टाकण्यापेक्षा एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे महिरपी कंसात संख्या घालायच्या मजकुरात, संख्येपुढे :.०% लिहायचं (शून्य अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचं). पायथन स्वतः शंभराने गुणतो, पूर्णांक करतो आणि चिन्ह लावतो: ३३%. शून्याच्या जागी १ लिहिला तर ३३.३%. नुसतं :% दिलं तर टिंबापुढे सहा घरं. आपण आधीच शंभराने गुणून ठेवलं असेल, तर मात्र उत्तर ३३३३%!

हाताने गुणण्यात आणखी एक गोम आहे. संगणक दशांश संख्या द्विमानात साठवतो आणि ०.५८ त्यात नेमकी बसत नाही. तिला शंभराने गुणलं की येतात ५७.९९९९... त्यावर ‘इंट’ चालवलं की अपूर्णांक छाटला जातो आणि नियम ५८चा नियम ५७ होतो. :.०% मात्र छाटत नाही, जवळच्या पूर्णांकाला नेतो; ५८ शाबूत राहतात.

आता तिन्ही वाटे छापा: ३३, ३३, ३३. बेरीज ९९. यात पायथनची चूक नाही. प्रत्येक वाटा त्याने इमानदारीने पूर्णांकात बसवला. अशा वेळी ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा, त्याला उरलेला टक्का द्यायची रीत आहे. इथे तर तिघांचे अपूर्णांक अगदी सारखे! नियम लिहिणाऱ्यांनी ५ ते १० हेक्टरांच्या जमिनीसाठी तो टक्का म्हाडाकडे टाकला: ३३, ३४, ३३. क्षुल्लक वाटेल, पण ८ हेक्टरांचा १% म्हणजे ८०० चौरस मीटर. दहा बाय बाराच्या सत्तरहून अधिक खोल्या मावतील एवढी ही जमीन.

खरी उलथापालथ झाली ती छेदात. २००१च्या दुरुस्तीने वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. समजा, ८ हेक्टरांच्या गिरणीत मोकळी जागा १ हेक्टरच आहे. आधीचा तिसरा हिस्सा साधारण २६,६६७ चौरस मीटर, नंतरचा ३,३३३. दोन्ही वेळा पायथन छापणार ३३%च. त्याच्यापर्यंत भागाकार पोचतो, छेद नाही. ‘३३%’पुढे ‘१ हेक्टरपैकी’ छापायला त्याच एफ-स्ट्रिंगमध्ये आणखी एक महिरपी कंस पुरतो.