वसंतात पाड्यावर काय चालते?



लेंट सुरू झाला की लोअर परळच्या आपल्या मंडळीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला तरुण संघाचा: “सुट्टी लागली की पाड्यावर जाऊन येऊ या का?” दुसरा जरा नाराजीचा असतो: “मार्चमध्ये आरोग्य शिबिर ठेवले, डॉक्टर नेले, औषधे नेली, आणि सकाळी नऊला पाड्यावर दोन म्हाताऱ्या आणि कोंबड्या. लोकांना गरज नाही की काय?” गरज आहे. पण फाल्गुन ते वैशाख या दिवसांत पाड्याचे घड्याळ आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. ते कसे चालते हे देणाऱ्यांना आणि प्रार्थना करणाऱ्यांना ठाऊक असावे. म्हणून डहाणू, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत जाता-येता जे पाहिले आणि तिथल्या सेवकांकडून जे कळले ते येथे लिहीत आहे.

आधी तारखांचे पाहू. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे संडे स्कूलची मुले विचारतातच. नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा रविवार धरायचा. ही पौर्णिमा आपल्या मराठी पंचांगात एकतर फाल्गुनाची, म्हणजे होळीची असते, नाहीतर चैत्राची. २०२४ साली ती होळीची होती. २४ मार्चच्या सकाळी आपण झावळ्या घेऊन उपासनेला उभे होतो आणि त्याच संध्याकाळी पाड्यापाड्यांवर होळ्या पेटल्या. यंदा, २०२६ मध्ये, ती चैत्राची आहे: गुरुवारी २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार आणि ५ एप्रिलला पुनरुत्थानदिन. वल्हांडण पौर्णिमेलाच येत असे आणि त्या दिवसांत जवाच्या पहिल्या पेंढीचे अर्पण होई, हे लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात आपण वाचतो. इस्राएल लोकांचे सणही चंद्र आणि शेत पाहूनच ठरत. तेव्हा आदिवासींचे सणवार शेतीजंगलाच्या कामांत इतके गुंतलेले कसे, याचे आपल्याला तरी नवल वाटू नये.

पाड्यावर वर्षाचा मोठा सण होळी. दिवाळीनंतर भातकापणी-झोडणी आटोपली की पालघर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे घराला कडी घालून बाहेर पडतात. कोणी भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामावर, डहाणूच्या किनाऱ्याकडचे पुरुष बोटींवर खलाशी म्हणून. भट्टीमालकाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचा हिशेब कसा लिहिला जातो ते कातकरी कुटुंबांना विचारावे. हे सगळे लोक होळीला मात्र घरी येतात. गिरणगावातल्या जुन्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिमगा आला की डिलाईल रोडच्या चाळींतले चाकरमानी रजा मिळो न मिळो, कोकणात जातच. पाड्यावरची होळीही तशीच: विस्कटलेले कुटुंब एकत्र येण्याचे चार-पाच दिवस, ढोल, नाच, घरोघर फिरून पैसे मागणे. मग भट्टीवरचे पुन्हा भट्टीवर जातात, ते थेट पावसाच्या तोंडाशी परततात. लोकांना भेटायचे असेल, लसीकरण, दाखले, शिधापत्रिका यांची कामे करायची असतील, तर होळीच्या पुढचे दोन-तीन दिवस सोन्यासारखे. आपल्याकडचे काही जण “अन्य सणात आपण कशाला?” म्हणून नेमके तेच दिवस टाळतात. मला हे पटत नाही. होळीला प्रदक्षिणा घालायला कोणी सांगत नाही. आईबाप आणि मुले एका दारात एकत्र भेटतात, त्या दारात जायचे.

होळीच्या आसपासच मोह फुलतो, आणि आमचे शिबिर रिकामे पडण्याचे कारण हेच. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. फिकट पिवळसर, रसाळ, गोड. उजाडायच्या आत बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. उशीर झाला तर फुले गुरे खातात, रानडुकरे खातात, ऊन लागून ती आंबतात. ऊन चढेपर्यंत वेचणे चालते आणि मग ती अंगणात वाळत घालतात. हा हंगाम तीन-चार आठवड्यांचा. वाळलेली फुले वर्षभर टिकतात. भाजून, शिजवून, भाकरीत घालून खातात, बाजारात विकतात, आणि त्यांची दारूही काढतात. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस मोहाच्या बिया येतात व त्यांचे तेल निघते. म्हणजे एक झाड दोनदा देते. प्रत्येक झाड कोणाच्या वाट्याचे हे पाड्यावर ठरलेले असते.

आपल्या मंडळीत “मोह” म्हटले की दारू एवढेच आठवते, म्हणून थोडे सविस्तर. या फुलावर सरकारचीही नजर जुनी आहे. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. अबकारीचे उत्पन्न हा त्यामागचा हिशेब होता. सरकारी परवान्याची दारू खपायची तर घरची बंद व्हायला हवी. जंगलातल्या माणसाने स्वतःच्या झाडाखालचे फूल वेचणे हा गुन्हा होण्याची तऱ्हा तिथून सुरू झाली. वनहक्क कायदा २००६ साली आला आणि गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क आदिवासींना मिळाला. मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केले. दारूने पाड्यावरची घरे उद्ध्वस्त होतात हे खरे आहे, ते मी झाकणार नाही. पण आज ज्या दारूने ती होतात त्यातली बरीचशी बाजारातून पिशवीत किंवा बाटलीत येते. अंगणात वाळणारी फुले दिसली की लगेच नाक मुरडू नये. अनेक घरांत तो जूनचा शिधा असतो.

यामुळे तिकडच्या विश्वासी कुटुंबांची एक अडचण होते. ईस्टरची पहाटेची उपासना! आपण वर्षानुवर्षे काळोखात उठून, मेणबत्त्या घेऊन ती करतो. त्यांच्यासाठी तीच वेळ फुले वेचण्याची. एका पाड्यावरच्या सेवकाने उपासना सकाळी दहाला ठेवायला सुरुवात केली, तेव्हा शहरातून गेलेल्या पाहुण्यांना ते ढिलेपणाचे वाटले. पण पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रियाही हातातले काम घेऊनच निघाल्या होत्या. दहाची उपासना भरलेली असते. टोपल्या भिंतीला टेकवलेल्या असतात आणि सगळ्या खोलीला मोहाचा वास येतो.

याच दिवसांत राब भाजतात. भाताचे, नागलीचे, वरईचे रोप ज्या तुकड्यात करायचे तिथे शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर रचून ते जाळतात. तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. गाडीतून जाताना डोंगरउतारावर काळे चौकोन दिसतात ते हेच. “जंगल जाळतात हो हे लोक” असे दर वर्षी बसमध्ये कोणीतरी म्हणते. मोहाखालचा पाला पेटवताना आग पसरून रान जळते, ही तक्रार खरी आहे आणि गावकरीही ती करतात. राब मात्र वेगळा. तो राखून, पाहऱ्यावर बसून भाजला जातो.

चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते. चारोटीजवळ, अहमदाबाद महामार्गाला लागूनच. पालघरचेच नव्हे, गुजरातेतले आदिवासीही येतात. सुके मासे, मसाले, टोपल्या, भांडी, पावसाळ्याआधीची सगळी खरेदी तिथे होते. जव्हार-मोखाड्याकडे याच महिन्यांत बोहाडा असतो, देवादिकांचे मुखवटे घालून रात्र-रात्र सोंगे नाचतात. दुसऱ्या दिवशी गाव दुपारपर्यंत झोपलेले. सकाळचा कार्यक्रम ठेवणाऱ्याने आधी चौकशी करावी, एवढेच सांगतो.

आणि लग्ने. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. आपल्या लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमधल्या दुकानांत कपांवर, पडद्यांवर जी वारली चित्रे दिसतात त्यांचे मूळ या लग्नाच्या भिंतीवर आहे. ती कागदावर आणून जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. पण लग्नाची दुसरी बाजू कर्जाची. एके काळी लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घेणारा वारली त्याच्याकडे “लग्नगडी” म्हणून राबे, बायकोसकट, वर्षानुवर्षे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले तेव्हा ही प्रथा मोडली. आज लग्नगडी नाही, पण लग्नासाठी घेतलेली उचल पुढच्या हंगामात भट्टीवर फेडणारी जोडपी आहेत. आपल्या महिला मंडळाने लग्नाची भांडी सामाईक वापरासाठी दिली, त्याचा उपयोग म्हणूनच कपड्यांच्या गाठोड्यांपेक्षा मोठा आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट पाण्याची. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो, पण खडकाळ उतारावरून वाहून जातो. मार्च संपता संपता विहिरींचा तळ दिसू लागतो. एप्रिल-मे मध्ये टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बायका ते पुन्हा शेंदून काढतात. आता आपल्या नळाकडे पाहा. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा खोऱ्यांतून येते. तानसा धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. यांतले मध्य वैतरणा मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ आहे. लोअर परळला सकाळी बादली भरते ते पाणी ज्या डोंगरांवर पडले, त्याच डोंगरांवरची बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन उतार चढत असते. याला उपाय म्हणून आपण विहिरीतला गाळ काढणे आणि झऱ्याभोवती छोटी टाकी बांधणे ही कामे घेतो. ती फेब्रुवारी ते मे याच काळात होऊ शकतात. देणगी डिसेंबरात नाताळच्या आनंदात येते आणि मार्चमध्ये आटते, हा आमचा नेहमीचा पेच. गवंडी आणि सिमेंट मार्चमध्येच लागते.

शेवटी वसतिगृहातल्या मुलांविषयी. दहावीची परीक्षा बहुधा मार्चमध्ये असते. त्याच वेळी घरी मोह वेचायला हात हवे असतात आणि भट्टीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी हवे असते. होळीला घरी गेलेली मुलगी परत येईल की नाही, ही धास्ती वसतिगृहाच्या ताईंना दर वर्षी असते. काही मुली येत नाहीत. वैशाखात त्यांचे लग्न झाल्याचे कळते. त्यामुळे ताई आता होळीनंतर स्वतः एसटीने पाड्यावर जातात, एक रात्र मुक्काम करतात, आईबरोबर पहाटे फुले वेचतात आणि मुलीला घेऊन येतात. या प्रवासाचा खर्च लहान असतो, पण तो कोणत्याही अनुदानात बसत नाही. आपल्या घरांत लेंटसाठी दिलेल्या डब्यांतून यंदा आधी हा खर्च भागवायचा, असे समितीने ठरवले आहे.

तरुण संघाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. यात्रा सुरू असेपर्यंत चारोटीला गाड्यांची रांग असते, म्हणून भेट शनिवारी १८ एप्रिलला ठेवली आहे. दादरहून विरार आणि तिथून डहाणू लोकल, पुढे जीप. शिबिर दुपारी तीन ते सात या वेळात होईल, सकाळी नाही. जुने स्वेटर आणू नयेत. झाकणाचे पाण्याचे पिंप, ताडपत्री, छत्र्या चालतील. प्रत्येकाने आपले पिण्याचे पाणी मुंबईहून न्यावे आणि पाड्यावरच्या हंड्याला हात लावू नये. लेंटचे डबे १२ एप्रिलच्या उपासनेला खजिनदारांकडे द्यावेत.