क्षौरकर्मजन्य त्वक्‌दाह : हेतू, प्रतिबंध आणि चिकित्सा

दिनचर्या आणि सद्वृत्त यांच्या विवेचनात आपल्या संहिताकारांनी केश, श्मश्रू व नखे यांच्या कर्तनाची आवर्जून नोंद घेतली आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात या कर्माची पुष्टी, आयुष्य, शुचिता व रूप ही फले सांगितली, तर आठव्या अध्यायात पंधरवड्यातून तीन वेळा ते करावे असा काळही दिला. याचा अर्थ दोन क्षौरकर्मांमध्ये साधारण पाच दिवसांचे अंतर अपेक्षित होते. आजचा नोकरदार पुरुष मात्र रोज सकाळी, घाईत आणि बहुधा कोरड्या त्वचेवर दाढी करतो. जे कर्म आरोग्यासाठी सांगितले गेले, तेच मग गालावरील आग, मानेवरील लाली आणि हनुवटीखालील पिटिकांचे कारण ठरते.

हा विषय क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. केवळ या तक्रारीसाठी वैद्याकडे येणारा रुग्ण विरळाच. तो आधी औषधाच्या दुकानात जातो, तेथून एखादी मलमाची नळी घेतो आणि पुढे चेहरा काळवंडला, त्वचा पातळ होऊन लालबुंद झाली म्हणजे आपल्याकडे येतो. तोपर्यंत मूळ व्याधीपेक्षा उपचाराचा उपद्रवच मोठा झालेला असतो. म्हणूनच वैद्यबंधू-भगिनी आणि औषधालयांचे मालक या दोघांनाही उद्देशून आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

हेतुविचार

संहितांमध्ये या व्याधीचे स्वतंत्र नाव आढळत नाही. तथापि विचाराची सामग्री विपुल आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात त्वचेचे सात थर वर्णन केले असून त्यांतील सर्वांत बाहेरील अवभासिनी ही व्रीहीच्या अठराव्या भागाइतकी पातळ सांगितली आहे. पाते केसाबरोबर या थराचाही अंश खरवडून नेते. त्यामुळे प्रथम रौक्ष्य व खरत्व येते, तेथील भ्राजक पित्त क्षुब्ध होते आणि दाह, राग, तोद ही लक्षणे उमटतात. मूळ हेतू आगंतू. दोषांचा अनुबंध मागाहून होतो.

शस्त्राचा विचारही येथे अगत्याचा आहे. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात सुश्रुताचार्यांनी वक्र, कुंठ, खंड, खरधार इत्यादी आठ शस्त्रदोष सांगितले आहेत. शस्त्र रोम छेदू शकेल इतके सुनिशित असावे, अशी कसोटीही तेथेच दिली आहे. न्हाणीघरातील ओलाव्यात महिनाभर पडून असलेले पाते या कसोटीवर घासून पाहावे. ते कुंठ झालेले असते आणि सूक्ष्मदृष्ट्या खंड व खरधारही असते. असे पाते केस कापण्याऐवजी ओढते, आणि ते ओढते म्हणून माणूस हात अधिक दाबतो. क्षौरदाहाचा फार मोठा भाग या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

रोमरूपी शल्य

रुग्ण ज्याला सरसकट 'दाढीचे पुरळ' म्हणतात, त्यात दोन भिन्न अवस्था असतात. पहिली म्हणजे वर सांगितलेला साधा दाह. तो दाढीनंतर लगेच उत्पन्न होतो आणि काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत शमतो. दुसरी अवस्था दाढीनंतर एक-दोन दिवसांनी दिसते. मान व जबड्याखालील भागात कठीण, वेदनायुक्त पिटिका येतात. नीट पाहिल्यास पिटिकेत वळलेला केस दिसतो. आधुनिक शास्त्र तिला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणते. कुरळ्या व जाड केसांच्या पुरुषांत ती विशेष आढळते.

तिची संप्राप्ती समजून घेण्यासारखी आहे. तिरपा कापलेला केस टोकदार होतो. कुरळा केस वाढताना वळतो आणि ते टोक शेजारच्या त्वचेत शिरते. केस जर त्वचेच्या पातळीखाली कापला गेला असेल, तर तो बाहेर न येता रोमकूपाची भिंत आतूनच भेदतो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित वर ओढते आणि मागील पाते तो आखडण्यापूर्वी खाली छेदते. गुळगुळीत दाढीचे रहस्य हेच आणि या व्याधीचे कारणही हेच.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात शल्याचे शारीर व आगंतू असे भेद करताना शारीर शल्यांत रोम व नख यांची गणना केली आहे. त्वचेत शिरलेला दाढीचा केस हे त्याचे नेमके उदाहरण होय. ही दृष्टी एकदा स्वीकारली, की चिकित्सेची दिशा बदलते. शल्य जागेवर ठेवून वरून लेप लावणे व्यर्थ आहे, आणि रोज नवे शल्य निर्माण करीत राहून रक्तशोधक काढे देणे त्याहून व्यर्थ.

सापेक्ष निदान

मुखदूषिका तारुण्यात येते, ती दाढीच्या क्षेत्राबाहेर कपाळ व नाकावरही असते आणि तिचा दाढीच्या वेळेशी थेट संबंध नसतो. रोमकूपांच्या मुखाशी पूययुक्त पिटिका असल्यास जंतुसंसर्गाचा विचार करावा. असा संसर्ग वारंवार होत असल्यास रक्तातील साखर अवश्य तपासावी. कडा उठावदार असलेली, कंडूयुक्त, मंडलाकार लाली दद्रू सुचविते. एकाच बाजूला पुंजक्याने फोड व तीव्र वेदना असल्यास विसर्पसदृश विषाणुजन्य व्याधी ध्यानात घ्यावी. पिटिकांच्या जागी जाड, वाढत जाणारे व्रणवस्तू दिसल्यास किंवा पूय पसरत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविण्यात विलंब करू नये.

त्रिविध कर्म

कोणत्याही शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सुश्रुताचार्यांनी सांगितले. दाढी हे रोज घडणारे लघु शस्त्रकर्मच आहे. रुग्णाला समजावून सांगण्यास ही चौकट आम्हांस फार सोयीची वाटते.

पूर्वकर्म म्हणजे स्नेहन व मृदू स्वेदन. कोरडा केस राठ असतो. पाणी शोषल्यावर तो फुगून मऊ होतो व अल्प बलाने कापला जातो. यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून दाढी स्नानानंतर करावी, किंवा कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ पंचा डोळे वगळून तेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवावा. रूक्ष त्वचेच्या व्यक्तीने खोबरेल किंवा तिळतेलाचे चार थेंब दाढीच्या क्षेत्रावर जिरवून त्यावर फेस करावा. मुखदूषिका असणाऱ्याने तेल टाळावे. फेस ब्रशने गोलाकार उठवून मिनिटभर तसाच राहू द्यावा. फासला आणि लगेच खरवडला, असे करू नये.

प्रधानकर्माचा मुख्य नियम अनुलोम गती हा होय. गालावर केस बहुधा खाली वाढतात, पण मानेवर त्यांची दिशा व्यक्तिपरत्वे आडवी, वर वा भोवऱ्यासारखी असते. दोन दिवसांची दाढी असताना बोट फिरवून ही दिशा एकदा जाणून घ्यावी. पाते तीक्ष्ण असावे, हात हलका असावा, वार आखूड असावेत आणि प्रत्येक दोन-तीन वारांनंतर पाते धुवावे. त्वचा ताणून धरू नये, कारण ताण सोडताच कापलेला केस त्वचेखाली जातो. उलटा हात फिरवून घोटून दाढी करण्याची हौस क्षौरदाहाच्या रुग्णाने सोडलीच पाहिजे. ज्यास शल्यरूपी पिटिका होतात, त्याने एकपाती रेझर वापरावा. त्याहून उत्तम म्हणजे सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवणारे ट्रिमर. पाते पाच-सहा दाढ्यांनंतर, अथवा ओढल्यासारखे जाणवताच त्यापूर्वीही, बदलावे. ते झटकून कोरड्या जागी ठेवावे.

पश्चात्कर्मात थंड पाण्याने फेस पूर्ण धुऊन चेहरा टिपून घ्यावा, चोळू नये. त्यानंतर शतधौत घृताचा अगदी पातळ थर दाह शमविण्यास उत्तम. तैलयुक्त त्वचेवर त्याऐवजी कोरफडीचा गर वापरावा. मात्र पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा व गर धुऊन घ्यावा, कारण तो चीकच त्वचेस क्षोभ करतो. अल्कोहोलयुक्त सुगंधी द्रव, लिंबू, कापूर व पुदिना यांची चुणचुण अनेकांना स्वच्छतेची खूण वाटते. खरचटलेल्या त्वचेवर ती केवळ क्षोभ वाढविते.

तुरटीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. स्फटिका कषाय व स्तंभक असल्याने पाते लागून आलेले रक्त थांबविण्यास ती योग्यच. परंतु संपूर्ण चेहऱ्यावर रोज खडा फिरविल्याने रौक्ष्य वाढते. केशकर्तनालयात एकच ओला खडा अनेकांच्या रक्ताळलेल्या गालांवरून फिरणे तर सर्वथा निषिद्ध मानावे. कावीळ ब व एचआयव्ही यांच्या संदर्भात प्रत्येक गिऱ्हाईकास नवे पाते लावण्याची जी दक्षता आता रूढ झाली आहे, तिच्यात तुरटीचाही समावेश झाला पाहिजे. आपल्या परिसरातील नाभिक बांधवांना हे आदराने सांगणे हे वैद्याचे काम आहे. ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

चिकित्सा

साध्या दाहात दाढीला तीन-चार दिवस विश्रांती आणि शतधौत घृत एवढे पुरते. पोटातील औषधाची गरज नसते. लेप द्यावयाचा झाल्यास चंदन, उशीर, सारिवा यांचे वस्त्रगाळ सूक्ष्म चूर्ण गुलाबजलात कालवून द्यावे; भरड चूर्ण खरचटलेल्या त्वचेस पुन्हा घासते. लेप प्रतिलोम लावावा आणि वाळू देऊ नये, हा सुश्रुतोक्त नियम पाळावा. शस्त्र अनुलोम आणि लेप प्रतिलोम, असे सांगितले की रुग्णाच्या चटकन ध्यानात राहते. मात्र लेप लावताना हात हलकाच हवा.

शल्यरूपी अवस्थेत तीन ते चार आठवडे पाते पूर्ण बंद ठेवावे. केस वाढला की बहुतेक शल्ये आपोआप बाहेर पडतात. त्वचेवर फास दिसत असेल, तर निर्जंतुक सुईने तो केवळ उचलून मोकळा करावा. केस उपटू नये. नवा केस पुन्हा त्याच मार्गाने आत शिरतो. पिटिका पिळू नयेत. दीर्घकालीन व वैवर्ण्ययुक्त रुग्णांत प्रकृती व अग्नी पाहून मंजिष्ठा-सारिवादी रक्तप्रसादक योग जोडता येतात, परंतु ते निदानपरिवर्जनाची जागा घेऊ शकत नाहीत.

खरी अडचण येथेच येते. काही महिन्यांपूर्वी सुरक्षारक्षकाचे काम करणारा एक तरुण आमच्याकडे आला. रोज गुळगुळीत दाढी हा त्याच्या नोकरीचा नियम होता. मानेवर पिटिका, त्यांवर पुन्हा पाते, पुन्हा रक्त, असे वर्षभर चाललेले होते आणि त्यावर तो दुकानातून घेतलेले मिश्र मलम लावीत होता. दाढी थांबवा म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता, पगाराचा होता. आम्ही व्याधीचे नाव, चार आठवड्यांचा काळ आणि नंतर ट्रिमरची आवश्यकता स्पष्ट लिहून प्रमाणपत्र दिले. वरिष्ठांनी ते मान्य केले. मलम थांबविल्यावर पहिले दोन आठवडे लाली वाढली. त्याची पूर्वकल्पना दिलेली असल्याने त्याने धीर धरला. पाचव्या आठवड्यापासून तो खुंट ठेवून कामावर जाऊ लागला. अशा रुग्णास लेपाइतकीच त्या कागदाचीही गरज असते, हे आपण विसरू नये.

औषधालयांच्या मालकांस

तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे दाढीच्या पुरळावर सर्रास मागितली जातात. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून गिऱ्हाईक समाधानी होते. पुढे त्वचा पातळ होणे, रक्तवाहिन्या दिसू लागणे, पुरळ, लव वाढणे आणि मलम सोडताच आग भडकणे हे उपद्रव सुरू होतात. दद्रू असल्यास तो दबून पसरतो. सन २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश अनुसूची एचमध्ये केला. ती चिठ्ठीविना देणे नियमबाह्य आहे. नियम बाजूला ठेवला, तरी नेहमीच्या गिऱ्हाईकाचा चेहरा बिघडविणारी विक्री दुकानाच्याही हिताची नाही. अशा वेळी पुढील प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे.

१) दाढी रोज करता की अंतराने?
२) पाते किती दिवसांपूर्वी बदलले?
३) उलटा हात फिरविता का?
४) पुरळ दाढीनंतर लगेच येते की एक-दोन दिवसांनी?
५) यापूर्वी कोणते मलम लावले, आणि किती दिवस?

पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून बहुतेकांना नवे पाते व योग्य सल्ला पुरेल; चौथ्या-पाचव्या उत्तरांत शंका आल्यास वैद्याकडे पाठवावे. हेच प्रश्न आपणही चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विचारावेत. त्वचेच्या तक्रारीत आपण आहार, विरुद्धाशन, निद्रा यांची चौकशी कसोशीने करतो. चेहऱ्यावर रोज फिरणाऱ्या शस्त्राची चौकशी मात्र राहून जाते. निदानपरिवर्जन ही संक्षेपाने चिकित्साच होय, हे सूत्र आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. या व्याधीत त्याचा प्रत्यय नव्या पात्याच्या किमतीत येतो.