मागून गाडी धडकली म्हणजे लॉटरी लागली?

‘अमेरिकेत सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कुणी ठोकलं की पाठ धरून बसायचं. ज्यूरी लाखो डॉलर देते.’ लग्नाची पंगत असो की गणपतीची आरती, न्यू जर्सीतल्या भाच्या-पुतण्यांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. प्रत्येक वेळी मला त्याचा तितकाच राग येतो. ते चुकीचं आहे, आणि खरोखर दुखणाऱ्या माणसाला खोटं पाडणारंही आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागानं २००५ साली राज्य न्यायालयांत निकाली निघालेल्या दिवाणी खटल्यांची पाहणी केली. वाहन अपघातांच्या खटल्यांत सुमारे ६४ टक्के वादी जिंकले. म्हणजे दर तिघांतला एक जण रिकाम्या हातानं परतला. जिंकलेल्यांच्या रकमांचा मध्यक होता १५,००० डॉलर, म्हणजे निम्म्या विजेत्यांना त्याहून जास्त काही मिळालंच नाही. शिवाय बहुतेक दावे तडजोडीनं मिटतात, ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. कोट्यवधींचा एखादा निकाल बातमी होतो, तो विरळा असतो म्हणूनच.

आता न्यू जर्सीचंच घ्या. तिथे अपघातानंतरचा औषधोपचार आधी स्वतःच्याच वाहन विम्यातून होतो, चूक कुणाचीही असो. वेदनांबद्दलची भरपाई ही वेगळी गोष्ट. विमा घेताना हप्ता कमी यावा म्हणून दावा करण्याचा हक्क मर्यादित करणारा पर्याय निवडता येतो, आणि काहीच निवडलं नाही तर तोच लागू होतो. मग मृत्यू, अवयव गमावणं, मोठा व्रण किंवा विद्रूपता, हाड मोडून जागेवरून सरकणं, गर्भ दगावणं किंवा कायमची इजा, यांपैकी काही झालं असेल तरच वेदनांची भरपाई मागता येते. पाठीच्या दुखण्याला बहुधा शेवटचंच दार उघडं असतं. ‘कायमची’ या शब्दाचा अर्थही कायद्यानं सांगून ठेवला आहे : तो भाग पूर्ववत काम करत नाही आणि पुढे उपचार करूनही करणार नाही. हे डॉक्टरांनी तपासणीत दिसलेल्या पुराव्यावरून लिहून द्यावं लागतं. नुसतं ‘दुखतं हो’ म्हणून चालत नाही. मात्र त्या इजेनं आयुष्याची मोठी उलथापालथ झाली, हे वेगळं सिद्ध करण्याची गरज नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली डिप्रॉस्पेरो खटल्यात स्पष्ट केलं. दार अरुंद आहे, पण बंद नाही.

‘एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलेली दिसली, आता काय हवं?’ असंही लोक विचारतात. अजून बरंच काही हवं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली आढळली. विमा कंपनीचा वकील नेमकं हेच पुढे करतो : ही वयाची झीज आहे, धडकेची नव्हे. पण कायद्याची दुसरी बाजूही आहे. जखमी माणूस ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत त्याला धरायचं असतं. शांत असलेलं जुनं दुखणं धडकेनं चाळवलं, तर त्या वाढलेल्या त्रासाची भरपाई मागता येते. जुनं किती आणि नवं किती, हे डॉक्टरांच्या साक्षीवरून ठरवायचं काम ज्यूरीचं. न्यू जर्सीच्या दिवाणी खटल्यात साधारणपणे ज्यूरीत सहा नागरिक बसतात आणि त्यांतल्या पाच जणांचं एकमत लागतं. सोडत अशी निघत नाही.

याच गैरसमजाचं उलटं रूप : ‘बंपरला ओरखडासुद्धा नाही, मग पाठीला काय होणार?’ मागून धक्का बसला की आसन धडाला पुढे ढकलतं आणि डोकं क्षणभर मागे राहतं. तो ताण बंपरच्या फोटोत दिसत नाही. तरीही तज्ज्ञाची साक्ष नसताना असे फोटो ज्यूरीला दाखवता येतात, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली ब्रेनमन खटल्यात म्हटलं. गाडीचं नुकसान कमी असेल, तर जखमीला आणखी नेटानं पुरावा द्यावा लागतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

मागचाच नेहमी शंभर टक्के दोषी. सुरक्षित अंतर ठेवणं त्याचं कर्तव्य आहेच. पण पुढच्याची चूक असेल तर तीही मोजली जाते, आणि ती निम्म्याहून जास्त ठरली तर त्याला काहीच मिळत नाही.

पैसे विमा कंपनीचे, म्हणून ज्यूरी हात सैल सोडते. प्रतिवादीचा विमा आहे की नाही, हे ज्यूरीला सहसा सांगतच नाहीत.

मिळालेली सगळी रक्कम आपली. वकिलाची फी बहुधा एक तृतीयांश, खर्च वेगळा.

दावा कधीही करता येतो. न्यू जर्सीत सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची.

आपल्याकडेही ज्यूरी असते. नाही. भारतात ही भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं.

लॉटरीच्या या गप्पांचा खरा तोटा कुणाला होतो? ज्याला खरंच मार लागला आहे, त्याला. ‘पैशासाठी नाटक करतोय असं लोक म्हणतील’ या संकोचानं तो तीन आठवडे गोळ्या घेऊन कामावर जातो. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न येतो : इतकं दुखत होतं, तर तीन आठवडे डॉक्टरकडे का गेला नाहीत? म्हणून धडक बसल्यावर दुखत असेल तर लगेच तपासून घ्या, आधीचं दुखणं लपवू नका आणि उपचार मध्येच सोडू नका. आणि पुढच्या पंगतीत कुणी लॉटरीचं बोलू लागलं, तर त्याला १५,००० डॉलरचा आकडा जरूर सांगा.