दोन मॉड्यूल, एक गिटार : न्याय्य तुलना कशी करावी?



'प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हे वाक्य आपण विज्ञानाच्या तासाला कितीतरी वेळा सांगतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण तीच मुलं दुकानात गेली की हे वाक्य वहीतच राहतं. आपणही फार वेगळं वागतो असं नाही!

म्हणून आजच्या लेखासाठी एक वेगळं उदाहरण घेतलं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरमध्ये बसवायचे 'मॉड' केलेले, म्हणजे आतून बदल केलेले प्रीअँप मॉड्यूल. घरात गिटार वाजवणारं मूल असेल तर "मला मॉड केलेलंच हवं, त्याचा आवाज भारी आहे" हे वाक्य कधीतरी कानावर येईल. गिटारशी तुमचा संबंध नसेल तरी हरकत नाही. तुलनेची पद्धत सगळीकडे तीच असते.

१. मॉड्यूलर अँप म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून येणारा विद्युत संकेत फार लहान असतो. अँपमध्ये तो दोन टप्प्यांत वाढतो. पहिला टप्पा प्रीअँपचा : इथे संकेत वाढतो आणि आवाजाचा स्वभाव ठरतो. दुसरा टप्पा पॉवर अँपचा : इथे स्पीकर हलवण्याइतकी ताकद मिळते.

नेहमीच्या अँपमध्ये हे दोन्ही टप्पे एकाच पेटीत कायमचे जोडलेले असतात. मॉड्यूलर अँपमध्ये प्रीअँपचा भाग खणासारखा बाहेर काढता येतो आणि दुसरा बसवता येतो. अमेरिकन अँप रचनाकार ब्रूस एग्नेटर यांची ही रचना. या शतकाच्या पहिल्या दशकात रँडल कंपनीने ती 'मॉड्यूलर ट्यूब सिस्टिम' या नावाने बाजारात आणली. त्यांच्या आरएम १०० या अँपमध्ये एका वेळी तीन मॉड्यूल बसतात. पुढे सिनर्जी कंपनीनेही याच कल्पनेवर अँप आणि मॉड्यूल काढले.

एका मॉड्यूलमध्ये साधारणपणे १२एएक्स७ जातीच्या दोन व्हॉल्व्ह असतात. जुन्या रेडिओत चमकणाऱ्या काचेच्या नळ्या आठवतात ना? त्याच कुळातल्या या. प्रत्येक नळीत दोन स्वतंत्र ट्रायोड, म्हणजे एका मॉड्यूलमध्ये संकेत वाढवायला एकूण चार ट्रायोड मिळतात.

२. 'मॉड' करताना नेमकं काय बदलतात?

कंपनीचं मॉड्यूल घेऊन त्यातले काही रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलायचे, याला मॉड करणं म्हणतात. अमेरिकेत हे काम करणारे छोटे कारागीर आहेत. वरचं नाव तेच, बटणं तीच, पण आतले काही सुटे भाग वेगळे.

एक उदाहरण दहावीच्या मुलांनाही करता येईल. दोन ट्रायोडच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. त्याच्या पुढे रेझिस्टर असला की ही जोडी कमी वारंवारतेचे, म्हणजे खर्जाकडचे स्वर अडवते. कुठल्या वारंवारतेपासून खाली अडवणार, याचं सूत्र सोपं आहे : १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता).

रेझिस्टर ४७० किलोओहमचा आणि कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅराडचा धरा. उत्तर येतं सुमारे १५ हर्ट्झ. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिला फारसा धक्का लागत नाही. आता कपॅसिटर दहापट लहान, म्हणजे ०.००२२ मायक्रोफॅराडचा लावा. मर्यादा जाते सुमारे १५४ हर्ट्झवर. जाड तारेचा मूळ स्वर आता निम्म्यापेक्षाही थोडा कमी होऊन पुढे जातो. (प्रत्यक्ष सर्किटमध्ये शेजारच्या भागांमुळे आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच.)

हे कशासाठी करायचं? आवाज मुद्दाम 'फाटवायचा' असेल, म्हणजे डिस्टॉर्शन हवं असेल, तर आधीच खर्ज कमी केल्याने जाड तारांचा गोंधळ होत नाही. गिटारवाले त्याला 'टाइट' आवाज म्हणतात. पण त्याच मॉड्यूलवर डिस्टॉर्शनशिवाय स्वच्छ सूर वाजवले तर आवाज पातळ वाटू शकतो.

दुसरा नेहमीचा बदल कॅथोडच्या रेझिस्टरचा. फेंडरच्या अनेक अँपमध्ये पहिल्या टप्प्याला तो १.५ किलोओहमचा असतो. मार्शलच्या जेसीएम ८०० मध्ये एका टप्प्याला मुद्दाम १० किलोओहमचा लावलेला आहे. त्यामुळे तो टप्पा संकेताच्या लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा लवकर कापतो आणि आवाजाला वेगळी धार येते.

आपल्याकडची सतार किंवा तानपुरा घ्या. जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग कानस मारून अगदी किंचित बदलतात. लाकूड तेच, भोपळा तोच, तारा त्याच, पण नाद बदलतो. पंडित रविशंकर यांची सतार खुल्या जवारीची, तर उस्ताद विलायत खाँ यांची त्या मानाने बंद जवारीची. यातली 'चांगली' कोणती, असं कोणी विचारत नाही. काय वाजवायचं आहे त्यावर ते ठरतं.

म्हणून लक्षात ठेवा, पहिला प्रश्न 'कोणतं चांगलं?' हा नाही. पहिला प्रश्न आहे 'काय बदललं, आणि ते मला ऐकू येतं का?'

३. तुलना कुठे फसते?

समजा मूळ मॉड्यूल आणि मॉड केलेलं मॉड्यूल शेजारी ठेवलं. वाजवून पाहिलं आणि 'मॉडवालं भारी' असं वाटलं. या वाटण्यामागे चार चोर लपलेले असू शकतात.

*पहिला चोर : मोठा आवाज.* १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवलं की कानाला सगळ्या वारंवारता सारख्याच ऐकू येत नाहीत आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. आवाज वाढला की खर्ज जास्त भरीव वाटतो. त्यामुळे दोनपैकी थोडं मोठं वाजणारं मॉड्यूल 'जास्त भरदार' वाटतं. एक डेसिबलचा फरक म्हणजे विद्युतदाबात फक्त १२ टक्के. एवढा फरक 'हे मोठं आहे' म्हणून जाणवत नाही, 'हे छान आहे' म्हणून जाणवतो.

*दुसरा चोर : बटणांचे आकडे.* "दोन्हीकडे गेन पाचवरच होता" हे ऐकायला पटतं. पण बटणाखालचे पोटेन्शिओमीटर बरेचदा २० टक्के कमी-जास्त असतात. एकाचा पाच दुसऱ्याचा सहाही असू शकतो.

*तिसरा चोर : नव्या नळ्या.* मॉड होऊन आलेल्या मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा नव्या व्हॉल्व्ह असतात आणि मूळ मॉड्यूलमध्ये काही वर्षं वापरलेल्या. मग आपण मॉड ऐकतोय की नव्या नळ्या? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की उत्तर कोणाच्या खात्यावर टाकायचं?

*चौथा चोर : अपेक्षा.* पैसे मोजलेत, दोन महिने वाट पाहिली आहे, कारागिराचं नाव मोठं आहे. आता फरक ऐकू यायलाच हवा! यात लबाडी नाही, मन असंच चालतं.

४. न्याय्य तुलना : पायऱ्या

१) वाजवणं एकच ठेवा. माणूस तीच ओळ दोनदा अगदी सारखी वाजवत नाही. अँपच्या आधी लूपर पेडल लावा, एक ओळ एकदाच नोंदवा आणि तीच दोन्ही मॉड्यूलना ऐकवा.

२) अँप आणि स्पीकर एकच ठेवा. दोन्ही मॉड्यूल एकाच अँपमध्ये बसत असतील तर उत्तम. पायाच्या स्विचने एकावरून दुसऱ्यावर लगेच जाता येतं. मधे पाच मिनिटं गेली तर कान आधीचा आवाज विसरतो.

३) नळ्यांची अदलाबदल करा. अँप बंद करून, नळ्या गार झाल्यावर, इकडच्या तिकडे लावा. 'भारी' आवाज नळ्यांबरोबर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये गेला, तर श्रेय मॉडचं नाही.

४) आवाजाची पातळी सारखी करा. फोनमधलं आवाज मोजायचं अॅप चालेल. त्याचा आकडा अचूक नसला तरी फोन एकाच जागी ठेवला तर दोन आवाजांतला फरक बऱ्यापैकी कळतो. तो जवळजवळ शून्य होईपर्यंत मास्टरचं बटण जुळवा.

५) बटणं कानाने जुळवा. आकडे विसरा. दोन्ही मॉड्यूल जितके एकसारखे वाजवता येतील तितके वाजवा. तरीही जो फरक उरतो, तोच मॉडचा खरा फरक.

६) शक्य असेल तर दोन मूळ मॉड्यूल आधी ऐका. ही पायरी सगळे विसरतात. एकाच नावाचे, हात न लावलेले दोन मॉड्यूलसुद्धा थोडे वेगळे वाजतात, कारण सुट्या भागांची मूल्यं थोडी इकडेतिकडे असतात. मॉडचा फरक या नैसर्गिक फरकापेक्षा मोठा असेल तरच त्याला अर्थ आहे.

७) ऐकणाऱ्याला नाव कळू देऊ नका. स्विच दुसऱ्याच्या हातात द्या. ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचं आणि 'मूळ' की 'मॉड' एवढंच सांगायचं. कोणता क्रम ठेवायचा ते नाणं उडवून ठरवा.

५. दहापैकी किती बरोबर आले तर मानायचं?

इथे गणिताच्या शिक्षकांना हक्काचा तास मिळतो. समजा ऐकणाऱ्याला दहा वेळा ओळखायला सांगितलं. काहीही ऐकू न येता नुसते अंदाज केले, तरी सरासरी पाच उत्तरं बरोबर येणारच. मग सहा बरोबर आली म्हणून टाळ्या वाजवायच्या का?

दहा प्रश्नांच्या बरोबर-चूक अशा एकूण १०२४ शक्यता होतात. त्यातल्या दहाही बरोबर असण्याची १ आणि नऊ बरोबर असण्याच्या १०. म्हणजे नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची संभाव्यता ११ भागिले १०२४, सुमारे एक टक्का. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची ५६ भागिले १०२४, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून नऊ आले तर निश्चिंतपणे म्हणा, 'फरक ऐकू येतो'. सहा-सात आले तर एवढंच म्हणा, 'अजून सांगता येत नाही'. हे दुसरं वाक्य मुलांना बोलायला शिकवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

फरक ऐकू येतो हे सिद्ध झाल्यावरच पुढचा प्रश्न : 'मला कोणता आवडतो?' ती आवड आहे, तिथे बरोबर-चूक नाही.

६. वर्गात कसं घ्याल?

यासाठी अँप लागत नाही. एका गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. त्याच्या 'अ' आणि 'ब' अशा दोन प्रती करा. दोन्ही एकच, फक्त 'ब' एखाद-दीड डेसिबलने मोठी. मुलांना विचारा, "कोणत्याचा दर्जा चांगला?" आणि कारणही लिहायला सांगा. उत्तरं फळ्यावर मांडा. मग खरं काय ते सांगा, पातळी सारखी करून पुन्हा ऐकवा आणि पुन्हा मतं घ्या. दोन्ही वेळचे आकडे शेजारी लिहिले की पुढची चर्चा मुलंच करतात.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : "शाळेत नवी अध्यापन पद्धत आली आणि एका तुकडीचे गुण वाढले, तर श्रेय पद्धतीचं कशावरून?" शिक्षक नवे होते का? पेपर सोपा होता का? तुकडी आधीपासूनच पुढे होती का? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, मित्रांनो.

७. पालकांसाठी चार गोष्टी

* पेटी उघडू देऊ नका. व्हॉल्व्ह अँपमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकू शकतो. आतलं काम जाणकार तंत्रज्ञाचंच. मॉड्यूल आणि नळ्या बदलतानाही अँप बंदच हवा. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप कधीही चालू करायचा नाही.
* अमेरिकेहून कोणी अँप आणत असेल तर मागची पाटी वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर मॉडची चर्चाच संपेल!
* कान जपा. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. तुलना हळू आवाजातही होते.
* लेखी यादी मागा. मॉड करणाऱ्याकडून कोणते भाग काढले, कोणते लावले हे लिहून घ्या आणि काढलेले भाग परत मागा. उद्या आवडलं नाही तर मूळ स्थितीत आणता येईल.

मुलाचा हट्ट मोडून काढा असं मी म्हणत नाही. त्याला सांगा, "आपण दोन्ही ऐकू, पण तू पाठ करून बसायचं." दहापैकी नऊ वेळा त्याने ओळखलं आणि तोच आवाज त्याला हवा असेल, तर खर्चाचा विचार नक्की करा. नाही ओळखलं, तर तेच पैसे वर्षभराच्या शिकवणीला लावता येतील. दोन्ही वेळा निर्णय त्याच्या कानांनी घेतलेला असेल, जाहिरातीने नाही. आणि वहीतलं ते वाक्य एकदा तरी वहीबाहेर आलेलं असेल.